आबांचं तळं

"काकू, ऐकलं का? वरच्या मळ्यातले आबा तळं करतायत म्हणे!"

"त्यात काय नवल? आपल्या निमगाव सावात शेततळ्यांना काय तोटा?"

"शेततळं नव्हे हो, पोहायचं तळं. तळाचा खडा दिसेल असं पाणी, आणि क्लोरीनचा थेंब नाही. पुण्याची नातवंडं येतील, शिवाय पाहुणे ठेवायचाही विचार आहे. 2018 साली जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला, तेव्हापासून राजुरीसारखं कृषी पर्यटन त्यांच्या डोक्यात घोळतंय."

"बिनऔषधाचं पाणी निवळ राहतंय होय? आमच्या शेततळ्यात चैत्रात येऊन बघ. नुसतं हिरवंगार."

"मलाही पटलं नव्हतं. पण आमचे धाकटे भाऊजी इंजिनिअर, त्यांनी समजावून सांगितलं. ऑस्ट्रियात 1980 च्या दशकापासून अशी तळी करतात. अमेरिकेत मिनियापोलिसला 2015 मध्ये सगळ्यांसाठी एक उघडलं. तळ्याचे दोन भाग करायचे, एकात माणसं, दुसऱ्यात झाडं. मधे पाण्याखाली राहील एवढी भिंत. झाडांच्या कप्प्यात माती घालायचीच नाही, धुतलेली खडी. तीत पाणकणीस, लव्हाळा, वेखंड, कर्दळ. पंप सगळं पाणी हळूहळू त्या खडीतून फिरवतो. खडीवरचे जिवाणू घाण खातात, राहिलेलं खत मुळं ओढून घेतात. शेवाळाला खायलाच काही उरत नाही."

"आणि उसाला टाकलेलं डीएपी? पहिल्याच वळवाला सगळं आत येईल की."

"म्हणून काठ रानापेक्षा उंच घ्यायचा आणि भोवती चर काढायचा. फॉस्फरस आत शिरला की शेवाळ आलंच. मासेसुद्धा सोडायचे नाहीत, त्यांची घाण म्हणजे खतच."

"मग डास?"

"हलत्या पाण्यात डास फारसे अंडी घालत नाहीत. घातलीच, तर चतुराच्या अळ्या त्यांच्या अळ्या खातात."

"हलतं राहिलं तर ना! आपल्या लाईटचा भरवसा कुणी द्यायचा?"

"सोलर बसवणारेत. भाऊजींनी बजावलंय, पंप बंद पडला आणि मे महिन्यात पाणी कोमट झालं, तर पोहणं बंद. केरळात 2024 ला मेंदूज्वराच्या अमीबानं माणसं दगावली ना? तसल्या कोमट, साचलेल्या पाण्यातला तो, नाकावाटे शिरतो."

"बाई गं! शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांचं पाणी बघ. खडकात कोरलेली, आत ऊन बेताचं, जवळपास ना ऊस ना खत. म्हणून ते निवळ. आबांचंही राहील एक वेळ. पण मला सांग, माणूस वर कसा येणार?"

"म्हणजे?"

"2016 ला 'मागेल त्याला शेततळे' आलं, 50 हजारांपर्यंत अनुदान मिळायचं. तेव्हापासून रानोरानी खड्डे झाले. मोठं शेततळं 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल. जवळजवळ 22 लाख लिटर पाणी. आत 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद. त्याच्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर बसला की पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं पोरं जातात, पेपरात येतंच. पोहता न येणारीच जातात असं नाही."

"आबांच्या तळ्यालाही कागदच आहे."

"बघ! आणि वर सूर मारायचा. एकास एक उतार धरला, तर काठापासून मीटरभर आत पाणी मीटरभरच. डोकं कुठं आपटेल?"

"भाऊजीही तेच म्हणत होते. डोक्यावर उडी घ्यायची तर निदान 9 फूट पाणी हवं, असं अमेरिकेचा रेड क्रॉस सांगतो."

"तेही उडी पडेल त्या जागी. मधे खोल असून काय उपयोग? आबांना म्हणावं, एका बाजूला दगडाची सरळ भिंत घ्या, सूर तिथूनच. समोरच्या बाजूला रुंद पायऱ्या आणि कमरेएवढ्या पाण्याचा टप्पा. काठानं दोर, दोराला टायरच्या ट्यूबा. भोवती जाळी आणि फाटकाला कुलूप."

"कुलूप बिबट्यालाही पाहिजे!"

"त्याला उसातून पाण्यावर यायला कोण अडवणार? विहिरीत पडला की वनखात्याची माणसं पिंजरा सोडून काढतात, माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात नेतात. पायऱ्या असल्या तर तो बिचारा आपला आपण तरी निघेल."

"काकू, तुम्हाला एवढं कसं ठाऊक?"

"माहेरच्या विहिरीत शिकले. कमरेला पांगऱ्याचा बिंडा बांधून वडील सोडायचे. त्या विहिरीला पायऱ्या होत्या, म्हणून सोडायचे. लग्न झालं आणि पोहणं सुटलं. इथं विहिरीवर कायम पोरांचा गराडा, बाईमाणूस उतरणार कधी?"

"मग आबांना सांगा, सकाळचा एक तास बायकांचा. मलाही शिकवा."

"आज संध्याकाळीच जाते. आधी पायऱ्या कबूल करून घेते, मग तासाचं."

"आणि या वयात सूर मारणार?"

"सूर कशाला? मुटका! आबांच्या ओसरीपर्यंत पाणी उडालं पाहिजे."