पिशवीतली कोथिंबीर

मोठा पुढारी मारला गेला की आठवडाभरात तो फोटो येतोच. धुरकट गर्दी, त्यातल्या एकाच्या भोवती लाल गोल, आणि खाली मजकूर : 'हा कोण? मीडिया दाखवणार नाही.'

यंदाच्या गोलातल्या इसमाच्या हातात कापडी पिशवी आहे आणि पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावते आहे. आमच्या सोसायटीचे माजी खजिनदार नाना म्हणतात, तोच इशारा. मी म्हटलं, ''नाना, सभेवरून घरी जाताना घेतली असेल.'' ''सभा दुपारी तीनची. भर उन्हात अशी टवटवीत कोथिंबीर कुठं मिळते?'' संध्याकाळपर्यंत तो इसम डावखुरा निघाला, रात्री परदेशी हेर झाला. मग पकडला का नाही? हेर आहे म्हणून! पकडला असता तर म्हणाले असते, हे प्यादं, खरा सूत्रधार वेगळाच.

नाना खुळे नाहीत. एवढा बंदोबस्त, पुढेमागे गाड्या, आणि कुणी रिकामटेकडा गावठी कट्टा घेऊन येतो नि संपवून जातो, हे पचतच नाही. माणूस मोठा, तर मारणाराही तोलामोलाचा हवा ना. गंमत अशी, की नेम चार बोटं चुकून पुढारी वाचला असता, तर त्याच हल्लेखोराला नानांनी 'माथेफिरू' म्हणून दुसऱ्या दिवशी विसरून टाकलं असतं. तोच माणूस, तेच हत्यार. पण मग कोथिंबिरीकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

आणि या भाजीला पाणी कोण घालतं? सरकार. 1952 चा चौकशी आयोग कायदा काढायचा, निवृत्त न्यायमूर्ती नेमायचे, मुदत द्यायची, मुदतवाढ द्यायची, मग मुदतवाढीला मुदतवाढ. तोवर साक्षीदार म्हातारे होतात, काही जातातही. त्यांच्या नैसर्गिक मरणाभोवती नाना आणखी एक गोल काढतात. कायदा म्हणतो, अहवाल हाती आल्यापासून सहा महिन्यांत कारवाईच्या निवेदनासह सभागृहापुढे ठेवा. ठेवला तरी शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत! मग लोकांनी विश्वास ठेवायचा कशावर, कपाटाच्या कुलपावर? आणि त्या चौकातला सीसीटीव्ही नेमका त्याच दिवशी बंद कसा, म्हणून गळा काढणाऱ्यांनो, तो नेमका त्याच दिवशी बंद नव्हता हो, तो रोजच बंद होता! खांब आहे, डबा आहे, वायर नाही, आणि देखभालीचं बिल मात्र दर तिमाहीला बिनचूक निघतं. त्या बिलावर सही कुणाची, एवढं एक विचारा. हेर नंतर शोधू.

आमच्या फाटकावरचा कॅमेराही वर्षानुवर्षं आंधळाच आहे. नाना खजिनदार असताना त्याच्या देखभालीची बिलं न चुकता पास झाली. परवा विचारलं, तर नाना जरा रागावलेच.

''त्यात काय एवढं? तांत्रिक अडचण होती ती.''