पडलं की पाडलं?

"ऐकलंत का बाई? किन्हवलीला आमच्या दिरांच्या बांधावरचा साग वादळात पडला, आणि आता फॉरेस्टवाले म्हणतायत पाडला."

"अगं बाई! चुगली कोणी केली?"

"चुगली कसली, घरच्याच पोरानं लिहून दिलं. पुतण्या रोज आसनगावहून लोकलनं मुंबईला जातो ना, त्याला मराठीत अर्ज करायची लाज वाटते. 'अवर ट्री वॉज फेल्ड ऑन संडे.' भूतकाळ आहे म्हणून शेवटी एक 'एड' ठोकून दिला."

"तोच अंगाशी आला बघा. फॉल म्हणजे पडणं, त्याचा भूतकाळ फेल. पण फेल हे वेगळं क्रियापदही आहे, म्हणजे झाड पाडणं, आणि त्याचा भूतकाळ फेल्ड. झाडं तोडण्याबद्दलचा 1964चा कायदा आहे, त्याच्या इंग्रजी नावातच 'फेलिंग ऑफ ट्रीज' आहे. साग स्वतःच्या मालकीचा असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. पोरानं नेमका कायद्यातलाच शब्द उचलला."

"आता जाऊबाई म्हणते, त्याला पुन्हा पाचवीत बसवा. तुम्ही कसं शिकवायचात हो पोरांना हे?"

"2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा पोरांआधी आमचीच तारांबळ उडाली. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुन्हा उघडली, रूपं पाठ केली, पोरांकडून घोकून घेतली. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी! मग म्हटलं, यांच्या तोंडात मराठी आहे, तिलाच कामाला लावू. झाड पडलं, वाऱ्यानं झाड पाडलं. कुठे 'नं' लागला?"

"पाडलंला."

"झालं. भूतकाळात 'नं' लागला की कुणीतरी कशाला तरी काहीतरी केलंय. कुत्रा ओट्यावर आडवा झाला, 'नं' नाही, म्हणून लाय, भूतकाळ ले. कोंबडीनं अंडं घातलं, 'नं' आहे, म्हणून ले, भूतकाळ लेड."

"थांबा थांबा. कुत्र्याचा कालचा 'ले' आणि कोंबडीचा आजचा 'ले' एकच?"

"दिसायला एकच. सगळा घोळ तिथेच होतो, भल्याभल्या साहेबांचासुद्धा. म्हणून आधी काल की आज ते विचारायचं आणि मग 'नं' बघायचा. दिवस उगवला तर राइज, पोरानं हात वर केला तर रेझ. एक मात्र आहे, ही युक्ती 'मी'वर चालत नाही. मी पडले, मी पाडलं, 'मी'ला 'नं' दिसतच नाही. 'तू'लाही नाही. तिसऱ्या माणसाबद्दलच बोलावं लागतं."

"म्हणजे कुणाच्या तरी माघारी बोलल्याशिवाय इंग्रजी येत नाही म्हणा की! मग आपण दोघी मॅट्रिक."

"हसू नका, पोरांना पण तेच आवडायचं. 'बंड्यानं ढकललं, बंड्या पडला', वर्ग नुसता रंगायचा. अर्थात फसतं कधीकधी. तो चहा प्याला, ती धडा शिकली, तिथे चहा आहे, धडा आहे, पण 'नं' नाही. अशी चार खोडकर क्रियापदं पहिल्या बाकावर डोळ्यांसमोर बसवायची. आणि इंग्रजांचीही पूर्वी आपल्यासारखीच रीत होती हो. आपण पडणेचं पाडणे करतो, मरणेचं मारणे, तुटणेचं तोडणे, तसं ते आतला स्वर बदलून सिटचं सेट करायचे, फॉलचं फेल. त्यांच्याकडे अशा थोड्याच जोड्या राहिल्या."

"माझ्या मुरबाडच्या भाचीला सांगा हे. तिनं फांगण्याच्या आजीबाईंच्या शाळेवर निबंध लिहिला. ती नाही का, गुलाबी साड्या नेसून म्हाताऱ्या पाटी घेऊन बसतात? बांगर गुरुजींनी 8 मार्च 2016ला सुरू केलेली. हिनं लिहिलं, 'बांगर सर फाउंड द स्कूल.'"

"म्हणजे गुरुजींना शाळा सापडली! रानात हरवली होती वाटतं. स्थापन केली म्हणायचं तर फाउंडेड."

"हात्तिच्या! इथे 'एड' हवा होता तर लावला नाही, आणि पुतण्यानं नको तिथे लावला."

"तसंच हँगचं. रघोजी भांगऱ्यांची तसबीर भिंतीवर लावली तर हंग. पण 2 मे 1848ला ठाण्याच्या तुरुंगात इंग्रजांनी त्यांना फाशी दिली, ते हँग्ड. तसबिरीला एक भूतकाळ, माणसाला दुसरा."

"फाशी देणाऱ्यांचीच भाषा ती, त्यांना वेगळा शब्द लागणारच. बरं, ते 'हॅव' आणि 'हॅज'चं काय? पुतण्या ऊठसूट तेच घालतो."

"तिथे आपली मराठीच आपल्याला फसवते. 'पाहुणे कालच आलेत' म्हटलं तर आपल्या कानाला काही खटकत नाही. इंग्रजीत एकदा 'काल' म्हटलं की 'हॅव'ला रजा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा खुला झाला आहे, एवढंच म्हणायचं असेल तर 'हॅज'. पण 5 जून 2025 ही तारीख सांगितलीत की साधा भूतकाळ. तारीख आणि 'हॅज' एका घरात नांदत नाहीत."

"सासू-सुनेसारखं. असो. आता त्या अर्जाचं काय करायचं?"

"मराठीत दुसरा द्या. 'वादळात साग मुळासकट उन्मळून पडला', आणि मुळाचा फोटो जोडा. मूळ वर आलंय ना?"

"आलंय तर! कुऱ्हाडीचा घाव नाही एक. बरं, जाताजाता एवढं सांगा. आमच्या पलीकडचीचं कुंपण दर पावसाळ्यात वीतभर आमच्याकडे येतं. विचारलं की म्हणते, मातीबरोबर सरकलं. मी म्हणते, हिनंच सरकवलं. मोजणीवाल्यांना इंग्रजीत कसं लिहू?"

"इंग्रजीत दोन्हीला 'मूव्ह्ड'च."

"सरकलंलाही? आणि सरकवलंलाही?"

"दोन्हीला एकच. कुंपण मूव्ह्ड, किंवा तिनं कुंपण मूव्ह्ड."

"मग काय उपयोग त्या भाषेचा? मी मराठीतच देते अर्ज. आणि हळू बोला, ती मागच्या दारी आलीये."