कॅरिबियनमधलं ड्रेनेज

कॅरिबियन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे निळं पाणी येतं, पांढरं शीड येतं. माझ्या नाकापुढे वास येतो. सडक्या अंड्यांचा.

होडी मेव्हण्याची. तो टोरांटोला असतो. छत्तीस फुटी जुनी शिडाची होडी घेऊन हिवाळा तिच्यावर काढायचा हे त्याचं व्यसन. "भावजी, तिकीट माझं, तुम्ही फक्त या." या फुकट तिकिटात मजुरी धरलेली असते हे गेल्या खेपेलाच कळलं होतं. पण बायको माझ्याआधी बॅग भरून बसली.

जून ते नोव्हेंबर तिथे वादळांचे दिवस. २००४ साली इव्हानने ग्रेनाडात होड्या आडव्या पाडल्या. १ जुलै २०२४ ला बेरिलने कॅरियाकूच्या खारफुटीत आसऱ्याला घातलेल्या होड्यांचाही चेंदामेंदा केला. म्हणून धूर्त मंडळी आणखी दक्षिणेला, त्रिनिदादच्या शॅगरामसला होडी पाण्याबाहेर काढून टेकूंवर उभी करतात. वादळ तिथवर क्वचितच पोचतं. दमटपणाला तसली काही अडचण नाही.

मेव्हण्याची होडीही तिथेच उभी होती. शिडी चढून वर गेलो. उशांवर बुरशी, डिझेलच्या टाकीच्या हवेच्या नळीत कुंभारणीचं मातीचं घर. ते सगळं ठीक. मग मेव्हण्याने संडासाच्या पंपाचा दांडा ओढला. दांडा जागचा हलेना.

"भावजी, हे तुमचं खातं."

मी महापालिकेच्या मलनिस्सारण विभागातून निवृत्त झालो, हे खरं. सबंध नोकरी मी गटारांवर सह्या केल्या. गटार कधी हाताला लागू दिलं नाही. पण बायकोच्या माहेरी ही तफावत कोणी लक्षात घेत नाही.

होडीतला संडास म्हणजे हातपंप: दांडा वर-खाली करायचा, समुद्राचं पाणी आत येतं, ऐवज बाहेर जातो, आणि वाटेतली रबरी झडप तो परत येऊ देत नाही. लघवी आणि खारं पाणी मिळून पाईपला आतून दगडासारखा थर चढतो. आमच्या दीड इंची पाईपात पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. आणि तो पाईप जातो कुठून? पलंगाखालून, कपाटामागून, माणसाचा हात जिथे वळत नाही अशा प्रत्येक ठिकाणाहून. माझं डोकं कपाटात, पाय पलंगावर, आणि बायको बाहेरून: "अहो, जरा जोर लावा की!" जोर लावला. पाईप सुटला. आत पावसाळाभर मुरलेलं पाणी होतं. शर्ट मी तिथेच सोडला.

कॅरोनीच्या दलदलीत संध्याकाळी लालभडक आयबिस पक्षी उतरतात म्हणे. बायको आणि मेव्हणा बघून आले. मी पाईपाजवळ होतो.

यार्डात रंगकाम करणारे एक म्हातारे होते, सगळे त्यांना अंकल म्हणत. त्यांनी पाईप माझ्याकडून घेतला आणि सिमेंटच्या जमिनीवर दाणकन आपटला. आतून पांढऱ्या खपल्या उडाल्या. मग मीही सुरू झालो. आमचा धोबीघाट चालू असताना त्यांनी विचारलं, इंडियातून आलास? त्यांची पणजी कलकत्त्याहून आली होती, शिडाच्याच जहाजातून, उसाच्या मळ्यावर करारावर. असलं पहिलं जहाज, फातेल रझाक, फेब्रुवारी १८४५ मध्ये निघालं ते ३० मेला इथे लागलं. माणसं आणणं थांबलं १९१७ साली. पणजीने त्या तीन महिन्यांबद्दल घरात कधी एक शब्द काढला नाही, अंकल म्हणाले. घर किनाऱ्यावर होतं, तरी ती समुद्राकडे पाठ करून बसायची.

माझा हात थांबला.

"भावजी, दुसरं टोक राहिलं!" वरून आवाज आला.

शुक्रवारी क्रेनने होडी पट्ट्यांत धरून पाण्यात सोडली. पाणी हिरवट, मातकट. निळं बघायचं तर अजून उत्तरेला जायचं होतं. पंप लोण्यासारखा चालला. उद्घाटनाचा मान बायकोने परस्पर घेतला.

संध्याकाळी शेजारच्या होडीवरचे जर्मन गृहस्थ आले. हातात पाईप, चेहऱ्यावर आशा. भारतातून ड्रेनेजचे मोठे साहेब आल्याची बातमी मेव्हण्याने धक्काभर केली होती.

मी त्यांना लेखी अर्ज करायला सांगितलं.