शेवटचे चार सांगा

तुमच्याही ऑफिसात हे गृहस्थ असणारच. भर मे महिन्यात सर्व्हर रूमच्या एसीत स्वेटर घालून बसणारे. आम्ही त्यांना पोर्टपाल म्हणायचो; तोंडावर अर्थात साहेब.

नेट गेलं म्हणून फोन करावा, तर नाव नाही, गाव नाही, थेट "शेवटचे चार सांगा." मॅक ॲड्रेसमधले. प्रत्येक नेटवर्क कार्डाचा आकड्या-अक्षरांचा १२ घरांचा पत्ता असतो. सहसा पहिली ६ बनवणाऱ्या कंपनीची, उरलेली त्या कार्डाची. "पहिली सहा म्हणजे आडनाव. नुसत्या आडनावावर मी कुणाला आत घेत नाही," हे ते समाजसुधारकाच्या थाटात सांगत.

माझे चार फोर-ए-सी-टू. लग्नात त्यांनी दिलेल्या आहेराच्या पाकिटावरही तेच. बायको अजून विचारते, हे तुमच्याकडचे कोण?

एका पोर्टला एकच मशीन, हा त्यांचा कायदा. परक्या मशीनचा डेटा गुपचूप टाकून द्यायची सोय स्विचमध्ये असते. टाकून वर नोंद ठेवायचीही असते. यांना तिसरीच प्यारी: पोर्टच बंद. एकदा मोठ्या साहेबांनी मुलाचा लॅपटॉप आपल्या टेबलाशी जोडला. पोर्ट ठप्प. साहेब लालबुंद होऊन स्वतः सर्व्हर रूममध्ये.

"शेवटचे चार सांगा."

साहेबांनी मोबाइलचे सांगितले. नेट दुसऱ्या दिवशी मिळालं.

पुढे एका शिकाऊ पोराने अकाउंट्समधल्या मशीनचा पत्ता आपल्या लॅपटॉपला चढवला आणि खुशाल सिनेमे पाहिले. दोन मिनिटांचं काम. तिसऱ्या दिवशी फोनवर सापडला. मी खवचटपणे विचारलं, "मग एवढा पहारा कशाला?"

"पत्ता चोरता येतो हो. पण विचारलं की चोर अडखळतो. स्वतःचे चार माणसाला पाठ असतात."

त्यानंतर त्यांच्यावर नीट चिडणं जमेना.

नोकरी सोडल्यावर सहा वर्षांनी तिथे गेलो. गेटवर रजिस्टर, रिसेप्शनवर "कोण हवंय?" शेजारच्या टेबलावरच्या जुन्या सोबत्यानेही हात जोडले ते अंदाजानेच. गप्प बसलेल्या मशीनला स्विचसुद्धा सहसा ३०० सेकंदांत विसरतो, तिथे माणसांचं काय घ्या! तेवढ्यात जिन्यावरून हाक आली, "अहो फोर-ए-सी-टू! सुटलात की चांगले!"

गळा दाटला असं म्हणणार नाही. चहा मात्र झाला. मग मी लॅपटॉप काढला, म्हटलं, जरा नेट द्या.

"नवा दिसतोय. शेवटचे चार सांगा."

मी अडखळलो.