शांत गाव पाहिजे, जेवण आपलं पाहिजे

खारघरकरांना यंदा शांतता हवी आहे, तीही उणे दहा अंशांतली. डिसेंबर लागल्यापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच धोशा चालू आहे. मनालीची गर्दी नको, एखादं छोटंसं गाव बघा. मागे डोंगर, पुढे मोकळी जागा आणि स्कीइंग. बर्फ आणि स्कीइंग वगळलं तर नेमकं हेच दाखवून इथले फ्लॅट विकले गेले होते. डोंगर अजूनही आहे, दोन टॉवरच्या फटीतून दिसतो. पावसाळा लागला की पांडवकड्याच्या धबधब्यावर बंदी येते. वर फणसवाडी, चाफेवाडी आहेत, अगदी छोट्या आणि अगदी शांत. तिथे कुणी सुट्टीला जात नाही. तिथल्या बायका रानभाज्या घेऊन खाली येतात आणि आपण जुडीमागे पाच रुपये कमी करून घेतो.

असो, स्कीइंगकडे वळू. मनालीहून सोलांगला निघालात की रस्त्याकडेला नंबर टाकलेली दुकानं लागतात. ड्रायव्हर त्याच्या ठरलेल्या नंबरापाशीच गाडी लावतो, त्यालाही पोट आहे. तिथे अंगावर चट्ट्यापट्ट्यांचा सूट चढवला जातो, आदल्या गिऱ्हाइकाच्या घामाने अजून ओलसर असलेला. गमबूट एक नंबर मोठे. बर्फावर पोचलं की एक पोरगा पायांत फळ्या अडकवतो, समोरून दोन्ही काठ्या धरतो आणि वीस पावलं ओढत नेऊन वीस पावलं परत आणतो. पुढच्या फेरीआधी मोबाईल बाहेर येतो. झालं स्कीइंग! संध्याकाळी फोटोखाली कुणीतरी काका लिहितात, ‘आता थेट ऑलिम्पिक!’

काका, 2022 मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकला अख्ख्या भारतातून एकच खेळाडू गेला होता, आरिफ खान. गुलमर्गच्या पायथ्याचा. वडिलांचं स्कीच्या सामानाचं दुकान, त्यामुळे पोरगा चार वर्षांचा असल्यापासून बर्फावर. जायंट स्लॅलममध्ये 45वा आला. त्याआधी 2018 मध्ये आंचल ठाकूरने तुर्कस्तानातून ब्राँझ आणलं होतं. ती मनालीजवळच्या बुरुआ गावची. तुम्ही शोधताय तसलंच छोटं गाव. फक्त तिथली माणसं तेच तेच उतार रोज उतरतात, रोज पडतात. आपल्या कार्यक्रमात पडायला वेळच ठेवलेला नसतो. साडेसातला नाश्ता, आठला बस.

ज्यांच्या गाठीला लाख आहेत ते स्वित्झर्लंडात टिटलिसला जातात. पायथ्याला एंगेलबर्ग हे गाव आहे, तिथला मठ 1120 सालचा. गाव बसच्या काचेतून बघायचं, केबल कारने वर जायचं, शाहरुख-काजोलच्या पुठ्ठ्याशेजारी उभं राहायचं आणि खाली यायचं. महिना बहुधा मे असतो, कारण मुलांच्या परीक्षा. त्याच देशात म्यूरेन नावाचं मोटारींना मज्जाव असलेलं गाव आहे. 1922 मध्ये तिथे आधुनिक स्लॅलमची शर्यत लावणारा साहेब आर्नल्ड लन हा जन्माने मद्रासचा. वडील हेन्री लन आधी आपल्याकडे मिशनरी डॉक्टर, मग विलायतेत टूरवाले. म्हणजे टूरवाल्याच्या घरात स्कीचे नियम घडले. आपल्या टूरवाल्यांनी डोंगरमाथ्यावर वरण-भात पोचवला. ज्याची त्याची तपश्चर्या.

आणि शांत गावात आपण पोचलो की ते शांत राहतं थोडंच? बसमधली अंताक्षरी स्पीकरसकट खाली उतरते. रात्री नऊला स्वयंपाकघर बंद होतं म्हटल्यावर ‘हे कसलं रिसॉर्ट?’ असा सवाल होतो. शांतता हवी, पण पावभाजी मिळाली पाहिजे.

पॅकेजात बर्फ छापलेला असतो, पण त्यावर ढगाची सही नसते. 2024चा जानेवारी आला तेव्हा गुलमर्गचे उतार तपकिरी होते. 2011च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी औलीत बर्फ तयार करणारी यंत्रं बसवली होती. पण 2023च्या जानेवारीत खालच्या जोशीमठच्या घरांना भेगा पडल्या आणि औलीला नेणारा रोपवेच थांबवावा लागला. डोंगराच्या अंगाखांद्यावर किती हॉटेलं चढवायची याचा हिशेब तिथेही कुणी केला नव्हता. खारघरकरांना यात नवल वाटायचं कारण नाही.

खरंच शिकायचं असेल तर मनाली आणि गुलमर्गला सरकारी संस्था आहेत. साधारण दोन आठवड्यांचा कोर्स असतो. पहाटे उठायचं, फळ्या खांद्यावर घेऊन उतार चढायचा, दिवसभर पडायचं, रात्री डॉर्मिटरीत झोपायचं. पॅकेजच्या मानाने पैसेही किरकोळ. मी हे ग्रुपवर टाकलं. बराच वेळ सगळ्यांच्या निळ्या टिका. मग खजिनदारांचं उत्तर आलं: ‘दोन आठवडे? तेवढ्यात आम्ही अख्खा युरोप करतो!’