नानांचा स्टॉपर

नानांकडे रोटरी टेबल उसनं मागायला जाऊ नये. टेबल मिळतं, पण त्याबरोबर नानाही येतात.

भोसरीच्या गाळ्यांतून ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना ही वल्ली सांगायला नको. टूलरूममधून रिटायर झालेली, खिशात चष्म्याशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी, आणि तुमचं काम ‘दहा मिनिटांचं’ आहे म्हटलं की चेहऱ्यावर अपार दया.

माझं काम खरंच दहा मिनिटांचं होतं. मोटारीचा पट्टा ताणता यावा म्हणून ब्रॅकेटमध्ये कमानीसारखी खाच हवी होती. त्रिज्या ८० मिलिमीटर, कोन ६० अंश. नानांच्या टेबलाचा वर्म ९० ला १, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात टेबल ४ अंश फिरतं. १५ फेरे मोजायचे आणि थांबायचं.

“मोजायचे?” नाना म्हणाले. “आणि अकराव्या फेऱ्याला चहावाला आला तर?”

सोळावा फेरा पडला तर ८० च्या त्रिज्येवर साडेपाच मिलिमीटर जादा कापलं जातं, हा हिशेब त्यांनी खडूनं फरशीवर मांडला. ब्रॅकेट बाजूला पडला आणि टेबलाला स्टॉपर बसवायचं काम निघालं. टेबलाच्या कडेभोवती बसेल असं कडं लेथवर झालं. कड्यावर सरकवून घट्ट करायचे दोन ठोकळे, खाली बेसमध्ये हार्डन केलेली एक पिन. टेबल इकडे फिरलं की एक ठोकळा पिनला टेकणार, तिकडे फिरलं की दुसरा. त्यातल्या एकाला वर बारीक आट्यांचा स्क्रू आणि लॉकनट, कारण ‘अंदाजे’ म्हटलं की नानांना ठसका लागतो.

मग प्रवचन. “टेकला की हात काढ. वर्म तुझा जोर कितीतरी पटीनं वाढवतो. दाबत बसलास तर पिन वाकेल, नाहीतर दात जातील. आणि खाच कटरच्या कडेवर संपते, मध्यावर नाही. ते विसरलास तर स्टॉपर बरोबर आणि जॉब भंगारात.” ब्रॅकेट पुढच्या आठवड्यात मिळाला. खाच मारायला दहा मिनिटं लागली.

घरीही तेच. गॅसच्या बटणाला त्यांनी असा खटका बसवला की ज्योत मोठी होतच नाही. दूध उतू जाणं थांबलं, आणि वेळेवर चहा मिळणंही. मुलाच्या स्कूटरच्या ॲक्सिलरेटरला गुपचूप स्टॉपर. गाडी चाळीसच्या वर जाईना म्हणून तो बिचारा कार्बोरेटर साफ करून घेत राहिला. पुतणीच्या लग्नाच्या याद्या करताना मानपानाच्या आकड्यालाही त्यांनी स्टॉपर सुचवला, तेव्हा व्याही उठून गेले. नानांच्या बोलण्याला मात्र पिन कुठे ठोकायची, हे काकूंना अजून सापडलेलं नाही.

शेजारच्या गाळ्यात नवं व्हीएमसी आलं. सगळं स्क्रीनवर, मर्यादा प्रोग्रॅममध्येच. नानांनी मागचं कव्हर काढायला लावून लिमिट स्विच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, तेव्हा कुठे पेढा घेतला.

एका गोष्टीत मात्र म्हाताऱ्याला मानावं लागतं. कुणा पोराला त्यांनी ‘लक्ष कुठे होतं तुझं?’ असं विचारलेलं मी ऐकलं नाही. लक्ष जाणारच, असं ते धरूनच चालतात. रात्रपाळी असते, गावाकडून फोन आलेला असतो, खोलीचं भाडं थकलेलं असतं. चूक होणारच नाही अशी सोय कामाच्या रचनेतच करायची, हे जपानच्या शिगेओ शिंगोंनी ‘पोका-योके’ या नावानं मांडलं आणि जगभर गेलं. एका मालकानं त्याचं रंगीत पोस्टर लावलं. त्याच पोस्टरखाली उभं करून आयटीआयहून आलेल्या एका पोराला सांगण्यात आलं की, जादा फेऱ्यानं गेलेल्या जॉबचे पैसे पगारातून कापले आहेत.

नाना तिथे चहाला बसले होते. त्यांनी आधी मशिनकडे पाहिलं, मग पोस्टरकडे, मग मालकाकडे.

“मशिनला उद्या बसवून देतो,” ते म्हणाले. “पण तुमचं हे पगार कापायचं हँडलसुद्धा फारच मोकळं फिरतंय. त्याचंही माप घेऊन ठेवू का?”

मालक मोठ्यांदा हसले. नानांनी खिशातून पट्टी काढली होती.