गोधडीवाल्या आक्का

मेहरूणमध्ये कुणाच्या सुनेला दिवस गेले, की घरच्यांच्या आधी ते आमच्या गल्लीतल्या आक्कांना कळतं. कसं, ते विचारू नये. आक्का दोरीवरच्या वाळत्या कपड्यांकडे टक लावून फिरू लागल्या, की आम्ही ओळखतो. बोलताना त्या तोंडाकडे बघतच नाहीत. बाही चिमटीत धरून कापड चाचपतात. "भाऊ, अजून किती वर्षं घालशीन हे?"

त्यांचे कायदे कडक. कोरं कापड बाळाला टोचतं, म्हणून धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुतीच लागतं. कुणी "प्युअर कॉटन" म्हणालं, की आक्का कडेचा एक धागा उपसून काडी लावतात. भुरभुरीत राख झाली तर साडी पास. वितळून कडक गोळी झाली, तर ती गोळी देणारीच्या तळहातावर ठेवून उठतात. एका विहीणबाईंची 'भारीतली' साडी अशीच नापास झाली. बारशापर्यंत दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

मे महिना, पारा 45 वर, आणि आक्का ओट्यावर लुगडं अंथरून बसलेल्या. तीन कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, अडकित्ता. चौथ्यावर माझा पुतण्या. "आक्का, या उन्हात गोधडी कोण पांघरणार?"

"पांघराले नाही रे बाबा, खाले टाकाले!"

ठिगळांची मांडणी म्हणजे लग्नातली पंगत. पणजीचं लुगडं मधोमध, आत्याबाईंना काठ, जावयाच्या लेंग्याला उलटी बाजू. त्यावरून रुसवे होतात, आक्कांचा धावदोरा थांबत नाही. गाठ मात्र त्या दोन थरांच्या मधेच दडवतात. वर राहिली तर बाळ रडतं, आणि लोक आईच्या दुधाला नावं ठेवतात. शेवटचा टाका पडला की सगळी गोधडी स्वतःच्या गालावरून फिरवतात. तेवढा वेळ आक्का गप्प असतात. तेवढाच.

यंदा संक्रांतीनंतर शेजारी बोरन्हाण होतं. बाळ नव्या गोधडीवर बसलेलं, डोक्यावरून मेहरूणची बोरं पडताहेत, पोरं लुटताहेत. एक बोर उचलायला मी वाकलो, तर दिवाळीपासून दोरीवरून बेपत्ता असलेला माझा निळा शर्ट डाव्या कोपऱ्यात दिसला, खिशासकट. आक्कांकडे पाहिलं. त्या माझ्या अंगातल्या झब्ब्याकडे बघत होत्या.

शर्ट ओला होता.